दोन तासांचं काम म्हणे

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, मी बिनचादरीच्या गादीवर बसलोय आणि एकाच अंगठ्याने टाईप करतोय कारण दुसऱ्या अंगठ्यात गुलाबाचा काटा आहे, तो निघत नाहीये, सुई शोधायला उठलो तर उद्या सकाळीच बसेन हे मला आज चांगलं कळलंय. त्यामुळे चुका झाल्या तर चालवून घ्या. नाही घेतल्या तरी चालेल, आज मला कशाचंच काही वाटत नाहीये.

'दोन तासांचं काम आहे' हे वाक्य पहिल्यांदा ज्याने उच्चारलं ना त्याला समोर उभा करून माझ्या अंगणात दाताळं हातात द्यायचंय मला. म्हणजे काल रात्री ते मीच म्हणलो होतो, मान्य आहे. बायको म्हणाली उद्या मी दिवसभर बाहेर आहे, घरातलं आणि बाहेरचं थोडं बघशील का, थंडी संपत आलीये, अंगणाकडे बघवत नाही. मी म्हणलं अगं तू जा बिनधास्त, दोन तासांचं काम आहे. ती एकदा नुसतं बघून हसली, काही बोलली नाही. तेव्हाच कळायला हवं होतं.

तर सकाळी डोकं चालवलं. आधी मशीन लावू, कपडे आपोआप धुतले जातील, तोवर आपण खिडक्या पुसू, लादी पुसू, मग कपडे वाळत टाकून बाहेर जाऊ. प्लॅनिंग बघा. चादरी, उशांचे अभ्रे, मुलीची युनिफॉर्मची पँट, माझे दोन काळे टीशर्ट, सगळं एकदम कोंबलं. पँटच्या खिशात टिश्यू पेपर होता. एक. फक्त एक टिश्यू पेपर. आता हा एवढासा कागद ओला झाल्यावर एवढा कसा होतो याचा शोध कोणीतरी लावायला हवा, कारण सगळ्या काळ्या कपड्यांवर पांढरा भुगा, दरवाज्याच्या रबरात भुगा, चादरीच्या शिवणीत भुगा, आणि मशीन मधेच थांबून पिप पिप करायला लागलं, पाणी जाईना.

म्हणलं फिल्टर. खालच्या कोपऱ्यात ते छोटं झाकण असतं ना, चार वर्षांत ते कोणी उघडलेलं नाही. मी उघडलं. मला काय माहिती की आत अडकलेलं सगळं पाणी तिथूनच बाहेर येतं, आधी खाली काहीतरी पसरट ठेवायचं असतं आणि ती चकती हळूहळू सैल करायची असते, मी नळाची तोटी फिरवावी तशी खाडकन फिरवली. नुकत्याच पुसलेल्या लादीवर साबणाचं करडं पाणी, थेट कपाटाखालपर्यंत. मग पळत जाऊन परात आणली, तोवर परातीत घ्यायला काही उरलंच नव्हतं. फिल्टरमध्ये दोन नाणी, एक केसांची पिन, एक शर्टचं बटण आणि उंदीर मेलाय की काय असं वाटावं असा तंतूंचा गोळा. बटण माझ्याच शर्टाचं. तो शर्ट मी बटण नाही म्हणून दोन वर्षं घातलेला नाही.

लादी परत पुसली. साडेदहा. दोन तास इथेच संपले आणि मी अजून उंबऱ्याबाहेर पाय टाकलेला नाही.

बाहेर आलो तर अण्णा खुर्ची टाकून बसलेले. माझे वडील. त्यांचं अंगणातलं काम म्हणजे देखरेख. दाताळं उचललं तर दांडा माझ्या हातात आणि दात जमिनीवर. स्क्रू पडलेला. स्क्रू आणायला आत, स्क्रू मिळाला तर स्क्रूड्रायव्हर नाही, तो असायला हवा हत्यारांच्या डब्यात, सापडला मुलीच्या रंगांच्या पेटीत, तिने त्याने माती कोरून काहीतरी बनवलं होतं म्हणे. प्रत्येक कामाच्या पोटात एक काम आहे. त्याच्या पोटात अजून एक. आणि सगळ्यात आतल्या कामाच्या पोटात एक वस्तू आहे जी घरात कोणीही कधीही जागेवर ठेवलेली नाही.

पानं. वरून बघताना काय छान दिसतात, कुरकुरीत, हलकी, वाटतं दोन हात मारले की गोळा. वरचा थर निघाला आणि खाली काळं, ओलं, चिकट, एकावर एक बसून चटई झालेली, दाताळ्याच्या दातात एकेक पान असं ओवलं जातंय की प्रत्येक ओढीनंतर थांबून हाताने काढा. त्याखाली गवत पिवळं पडलेलं, साहजिक आहे, त्याला ना उजेड ना वारा. हे पानगळीनंतर लगेच उचललं असतं तर झालं असतं. तेव्हा का नाही उचललं? कारण तेव्हा कोणीतरी म्हणालं होतं, राहू दे, थंडी संपली की करू, दोन तासांचं काम आहे. कोण म्हणालं ते विचारू नका.

अण्णा म्हणतात जाळून टाक. मी म्हणलं अण्णा जाळायचं नाही, धूर होतो, आणि ओली पानं जळतात का? मग टाक खताच्या खड्ड्यात. अहो टाकतोय, पण नुसत्या पानांचं खत लवकर होत नाही, त्यात हिरवं ओलं काहीतरी लागतं, कार्बनचे तीसेक भाग तर नायट्रोजनचा एक असं काहीतरी जमावं लागतं, नाहीतर ढीग तापतच नाही, नुसती पानं कुजायला वर्ष दोन वर्षंही लागतात. हे सगळं मी त्यांना घामाघूम होऊन समजावतोय आणि ते शांतपणे म्हणतात, मग वर्षभर थांब. काय बोलायचं सांगा.

एवढ्यात मुलगी आली. बाबा थांब, ते झोपलेत. कोण झोपलंय? तळहातावर एक लाल ठिपकेवाला भुंगेरा. शाळेत सांगितलंय म्हणे की हे पानांच्या थराखाली थंडी काढतात, नीट ऊन पडेपर्यंत उठवायचं नाही. आणि ती बरोबर आहे हो, तेच तर! तिच्यावर ओरडताही येईना. मग अर्धी भरलेली गोणी कुंपणाच्या कोपऱ्यात परत रिकामी करून भुंगेऱ्यांसाठी वेगळा ढीग करून दिला. मी. ज्याची कंबर आधीच गेली होती. तिने त्यावर काठी रोवून 'शांतता राखा' असा कागद लावलाय.

मग पाणी मारावं म्हणून पाईप काढला. गेल्या मोसमात तो आत पाणी ठेवून तसाच वेटोळं करून खिळ्याला टांगला होता, खिळ्यावर जिथे लटकला तिथे चपटा होऊन बसलाय, आणि नळाला लावायच्या टोकातला वायसर वाळून दगड झालाय. नळ सोडला तर पाणी पाईपच्या पुढच्या टोकातून सोडून बाकी सगळीकडून, आधी माझ्या डोळ्यात. हा पाईप कोणी असा टांगला असं मी जोरात ओरडलो. अण्णांनी बोट दाखवलं. माझ्याकडे.

पण खरा संताप, म्हणजे ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो, तो लव्हाळा. ज्यांच्या दारात लव्हाळा आहे त्यांना पुढचं वाचायची गरज नाही, त्यांनी नुसती एक शिवी घालावी आणि पुढे जावं. बाकीच्यांसाठी सांगतो. वरून साधं गवत दिसतं, हिरवंगार, जरा चकाकणारं, काडी चिमटीत धरून फिरवली तर तीन कडा लागतात. धरून ओढलं की अगदी सहज येतं, वाटतं वा, निघाला. निघालेला नसतो. ते तुमच्या हातात पान देतं आणि आपण खाली बसून राहतं. आज एक हट्टाने खुरप्याने खणून काढला, वीतभर खाली एक काळी, खरखरीत, वाटाण्यापेक्षा जरा मोठी गाठ, नखाने खरवडली तर उग्र औषधी वास. तिला एक बारीक दोरीसारखी मुळी, तिला पुढे दुसरी गाठ, पुढे तिसरी, माळच्या माळ जमिनीखालून माझ्या गुलाबाच्या वाफ्यात गेलेली. आणि गंमत ऐका. माळ अखंड असते तेव्हा बऱ्याच गाठी झोपून असतात. माळ तोडली की त्या जाग्या होतात आणि प्रत्येक गाठ आपापला कोंब काढते. म्हणजे एकाला मारायला गेलात की त्याची भावंडं उठतात.

आता मागच्या वर्षी याच वेळेला अण्णा खुर्चीत बसून काय म्हणाले होते? सगळीकडे एकदा कुदळ मार, मोकळं होऊन जाईल. आणि मी आज्ञाधारक मुलगा, मारली. दोन रविवार मारली. प्रत्येक माळेचे तुकडे तुकडे करून सबंध वाफ्यात नीट पसरून दिले, पेरणी केली पेरणी, आणि वर पाणीही घातलं. आज मी ते त्यांना बोललो तर म्हणतात, तू खोल मारली नसशील.

घमेलं सापडेना म्हणून हाताला जे लागलं त्यात उपटलेला लव्हाळा गाठींसकट भरला आणि ठेवला बाजूला, खतात टाकायची सोय नाही, गाठी तिथेही उगवतील. गोणीत बांधून फेकायला लागणार. ते राहिलंच.

गुलाब छाटायचा होता. सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची कात्री, गंजलेला, कापत नाही, चावतो. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेच्या, जरा वर तिरका काप द्यायचा हे मला पक्कं माहितीये, पण हत्यारच जर फांदी चिरडत असेल तर तिरका काय आणि सरळ काय. तीन गुलाब झाले, काटा घुसला, राग आला, आणि त्या रागात मी कुंपणावरचा वेल पण सपासप कापला, एवढा वाढलाय मेला, वाळक्या काटक्याच तर आहेत. कापून ढीग झाल्यावर अण्णा खुर्चीतून उठले. दिवसभरात पहिल्यांदा. एक काटकी उचलून डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाले, कळ्या आहेत रे. हा गेल्या वर्षीच्या फांदीवर फुलतो, फुलून झाल्यावर छाटायचा असतो.

अहो मग मघाशी बोलायचं ना! पानं जाळ, कुदळ मार, हे सगळं सुचतं आणि हे सांगायला जीभ उचलत नाही? म्हणाले, तू विचारलं नाहीस. बायकोला अजून सांगितलेलं नाही. तो वेल तिने लावलाय.

यानंतर माणसाने गप आत जाऊन पडायला हवं की नाही? मी शिडी लावली. कारण पन्हळ तुंबलीये, पहिल्या पावसात भिंत भिजेल, आणि शिडी बाहेर आहेच तर करून टाकू, पाच मिनिटं. वर हात घातला तर सडलेल्या पानांचा काळा गाळ, गार, त्यात चक्क दोन रोपं उगवलेली. मूठभर काढायचा आणि खाली टाकायचा. तिसऱ्या मुठीला लक्षात आलं की खाली मी सकाळी पुसलेली खिडकी आहे. पाचव्या मुठीला लक्षात आलं की खिडकीच्या पुढे दोरी आहे. दोरीवर चादर. सकाळचा भुगा एकेक चिमटीने काढून वाळत घातलेली, जवळजवळ वाळलेली, डबल बेडची एकमेव मोठी चादर, कारण दुसरी कुठे ठेवलीये ते फक्त बायकोला माहिती आहे.

बायको सात वाजता आली. दारातून बघितलं. अंगणात चार ढीग, भुंगेऱ्यांचा धरून पाच. आत लादीवर चिखलाचे ठसे, माझे, लहान ठसे मुलीचे. खिडकीवर काळे ओघळ. मी पायरीवर बसलेलो. चिडली नाही हो. चिडली असती तर परवडलं असतं. पर्स ठेवली, पदर खोचला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, घरातलं तरी झालं का रे? मी म्हणलं मशीन दुसऱ्यांदा लावलंय. म्हणाली, बरं. ते 'बरं' अजून कानात आहे. आणि मग तिने पाऊण तासात लादी, ओटा, मुलीचं दप्तर, अण्णांच्या गोळ्या, सगळं केलं, कसं केलं मला दिसलंसुद्धा नाही, मी तिथेच होतो. हे ती दर आठवड्याला करते आणि त्याला कधी दोन तासांचं काम असं नावसुद्धा देत नाही, आणि मी एका दिवसात घर आणि अंगण एकमेकांत कालवून ठेवलं. याचा पण मला राग येतोय, कोणावर ते ठरायचंय.

आणि गोळा केलेली पानं अजून भरलेली नाहीत, वारा सुटलाय, मला ऐकू येतंय. उद्या परत सगळीकडे. भुंगेऱ्यांचा ढीग मात्र हलणार नाही, त्याला काठी आहे.

थांबा, मशीन वाजलं.

बघून आलो. झालं म्हणून वाजलं नाहीये, अडकलं म्हणून वाजलंय. पन्हळीतला गाळ चादरीतून सुटून थेट फिल्टरमध्ये, चादर आत काळ्या पाण्यात तरंगतीये. यावेळी मी शहाणा झालोय, झाकण उघडायच्या आधी खाली परात ठेवणार. परात स्वयंपाकघरात नाही. परात अंगणात आहे, अंधारात, आणि तिच्यात लव्हाळा भरलाय.