हर्णैला जाताय? मग एवढं कराच

दापोलीजवळच्या हर्णै बंदरावरचा मासळीचा संध्याकाळचा लिलाव बघायला निघाला असाल तर एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा: तो तुमच्यासाठीच भरवलेला आहे. खलाशी समुद्रावर गेले होते ते तुमच्या रीलला पार्श्वभूमी हवी म्हणून. तेव्हा लांब उभं राहून भिडस्तपणा करू नका. वाळूत मासळीचे ढीग लागलेले असतात, भोवती व्यापाऱ्यांचं कोंडाळं असतं. थेट आत शिरा. बोली रंगात आली की मोठ्याने विचारा, "अर्धा किलो पापलेट कसं दिलं?" तिथे टोपलीवर आणि ढिगावर सौदे होतात म्हणे. होऊ देत, आपण पुण्याहून आलोय.

नंतर किरकोळ विकणाऱ्या मावशींकडे वळा. सुरमई हातात घ्या, अंगठ्याने कल्ला उचकटा, आतला लाल रंग बघा आणि "हं" म्हणा. मग दुसरी उचला. पाच-सहा कल्ले तपासून झाले की "ताजी आहे ना नक्की?" असं विचारा. कोळंबीने टुणकन उडी मारली तरी विचारा. भाव निम्म्यावर आणा, मावशींनी कोयता हातात घेतला की घाबरू नका, तो माशासाठी असतो. बहुतेक वेळा.

बैलगाड्या मात्र चुकवू नका. होड्या खोल पाण्यात नांगरून असतात, म्हणून मासळी आणायला गाड्या सरळ समुद्रात घालतात. बैल पोटापर्यंत पाण्यात, मागे चाकं वाळूत रुतलेली, बर्फ वितळतोय, गाडीवानाचा जीव मेटाकुटीला आलेला. नेमकं तेव्हाच म्हणा, "दादा, जरा परत पाण्यात घ्या ना, सूर्य फ्रेममध्ये आला नाही." ते काही बोलले तर तो कोकणी गोडवा समजा.

समोरच्या समुद्रातल्या सुवर्णदुर्गाला होडीने जावं लागतं आणि उतरताना पायजमा भिजतो, एवढं सोडलं तर किल्ला झटपट उरकण्यासारखा आहे. १७५५ साली इंग्रजांच्या आरमारातल्या कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून तो घेतला आणि पेशव्यांच्या हवाली केला, वगैरे कुणी सांगू लागलं तर होडीवाल्याला विचारा, "वीस मिनिटांत होईल ना?" दरवाजाच्या पायरीवर कासव कोरलंय, त्यावर पाय ठेवून फोटो काढा. २०२५मध्ये युनेस्कोने ज्या बारा मराठा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांत हाही आहे. म्हणजे भिंतीवर खिळ्याने कोरलेलं तुमचं आणि पिंकीचं नाव आता जागतिक पातळीवर गेलं. किनाऱ्यावरच्या फत्तेगडावर कोळ्यांची वस्ती आहे, तिथे परवानगीची गरज नाही. कुणाच्याही अंगणात शिरा, वाळत घातलेल्या मासळीकडे बघून नाकाला रुमाल लावा आणि "किती ऑथेंटिक!" म्हणा. रुमाल काढायचा नाही.

जेवायला बसताना महिना बघू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. समुद्र खवळलेला आणि माशांच्या विणीचे दिवस. पण तुमची सुट्टी जूनमध्येच मंजूर झाली, त्याला माशांनी काय करायचं ते त्यांचं त्यांनी बघावं. "आजचंच पापलेट हवं, बर्फातलं नको" असा हट्ट धरा. खानावळवाला हसून "आजचंच आहे, साहेब" म्हणेल. आज फ्रीजरमधून काढलेलं, हे तो का सांगेल?

शेवटी हर्णैजवळचंच मुरूड नाहीतर कर्दे. किनारा एवढा सपाट आणि कडक दिसतो की गाडी न घालणं हा त्या गाडीचा अपमान आहे. जाहिरातीत ती डोंगर चढते. भरतीची वेळ रोज पाऊणएक तासाने पुढे सरकते, असं एखादे आजोबा सांगतील. त्यांना काय कळतंय, त्यांच्याकडे कुठे सनरूफ आहे! बिनधास्त पुढे घ्या. चाकं रुतली की ॲक्सिलरेटर जोरात दाबा, म्हणजे नीट रुततील. पाणी दाराला लागेपर्यंत व्हिडिओ चालू ठेवा. मग गावातली पोरं दोरखंड आणि ट्रॅक्टर घेऊन येतील, कमरेभर पाण्यात उतरून हूक अडकवतील, गाडी बाहेर काढतील आणि डिझेलचे पैसे मागतील. इथे भडकायचं. "पर्यटकांना लुटता?" म्हणून आवाज चढवायचा, निम्मे पैसे टेकवायचे आणि तिथल्या तिथे समुद्रकिनाऱ्याला एक तारा द्यायचा. कारणाच्या रकान्यात लिहा: पाणी फार आहे.