देवयानीतला स्फोट आणि मध्यरात्रीचे मोबाइल

‘देवयानी दीर्घिकेत तारा फुटून नष्ट झाला आहे, शतकातून एकदाच घडणारी ही घटना साध्या डोळ्यांनी दिसेल, मात्र तिचे घातक किरण आज मध्यरात्री पृथ्वीवर पोहोचणार असल्याने मोबाइल बंद करून झोपावे,’ असा मजकूर फोंड्यापासून म्हापशापर्यंतच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. देवयानी (अँड्रोमेडा) ही आपल्या आकाशगंगेशेजारची दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचा प्रचंड समूह. मजकुरात देवयानीत स्फोट होतात, एवढेच खरे आहे.

किरणांचा मुद्दा आधी घेतो, कारण घबराट त्यानेच पसरली. देवयानी सुमारे 25 लाख प्रकाशवर्षे दूर आहे. क्ष-किरण आणि गॅमा किरणही प्रकाशाच्याच वेगाने धावतात. त्यामुळे स्फोटाच्या प्रकाशासोबत निघालेले किरण त्याच्यासोबतच पोहोचतात आणि ‘स्फोट काल दिसला, किरण आज मध्यरात्री’ हे वेळापत्रक जमतच नाही. फेब्रुवारी 1987 मध्ये देवयानीपेक्षा पंधरापट जवळच्या मोठ्या मॅगेलन मेघात, म्हणजे आणखी एका शेजारच्या दीर्घिकेत, खराखुरा अतिनवतारा (सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा महास्फोट) दिसला, तोही साध्या डोळ्यांनी, आणि कोणालाही इजा झाली नाही. तोच देवयानीत असता, तर त्याच्या किरणांची तीव्रता आणखी सव्वादोनशे पटींनी घटली असती.

‘नष्ट झाला’ हेही बहुधा चूक. देवयानीत सापडणारे बहुतेक स्फोट नवताऱ्यांचे (नोव्हा) असतात: श्वेतबटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा लहान, दाट अवशेष, जोडीदार ताऱ्याकडून हायड्रोजन ओढून घेतो, पृष्ठभागावर साचलेला तो थर पेटतो आणि बाहेर फेकला जातो, तारा मात्र शाबूत राहतो. तेथील एक नवतारा तर जवळजवळ दरवर्षी उफाळतो. शतकाची गोष्ट अतिनवताऱ्याला शोभेल. देवयानीत तसा एकच, 1885 साली, नोंदला गेला आहे.

ताऱ्याची तेजस्विता ‘प्रती’त मोजतात; प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. साध्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. देवयानीतले नवतारे साधारण सतराव्या प्रतीचे, म्हणजे सुमारे 25 हजार पट मंद. दिवाळीच्या सुमारास रात्री दहाला सत्तरी तालुक्याच्या काळोखातून दीर्घिकेचा पुसट ठिपका दिसेल, नवतारा नाही.

राहिले मजकुरासोबतचे वर्तुळ काढलेले छायाचित्र. नवा ठिपका म्हणजे नवतारा नव्हे. तो जुन्या छायाचित्रांशी ताडावा लागतो, दुसऱ्या छायाचित्रात पुन्हा सापडावा लागतो आणि शक्यतो त्याचा वर्णपट (प्रकाशाचे रंगांनुसार विभाजन) घ्यावा लागतो. 1923 साली खुद्द खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी देवयानीतल्या एका ठिपक्यापुढे नवताऱ्याची खूण केली आणि नंतर ती खोडून तेथे ‘रूपविकारी’ (तेज कमीजास्त होणारा तारा) अशी नोंद केली. फिरत्या छायाचित्रावर तर तारीख, वेळ वा ठिपक्याचे स्थान, काहीच लिहिलेले नाही.