पेनाची मान

आजोबांचं पेन उघडायला मला अकरा दिवस लागले. तेवढ्या काळात आमच्या सोसायटीची लिफ्ट दोनदा दुरुस्त होऊन दोनदा बंद पडली.

पेन काळं, एबोनाइटचं. अंगावर ‘मेड इन इंग्लंड’ एवढंच शिल्लक; बाकीची अक्षरं आजोबांच्या अंगठ्याने खाल्लेली. बाजूला बारीकशी खटकी. ही खटकी म्हणजे अमेरिकेत आयोवामधल्या वॉल्टर शेफर नावाच्या जवाहिऱ्याचं डोकं, १९०८ सालचं पेटंट. खटकी उचलली की आतली पोलादी पट्टी रबरी पिशवीला दाबते, सोडली की पिशवी फुगताना शाई ओढून घेते. आमची खटकी हलायला तयार नव्हती. पेन मात्र कानाशी हलवलं की खुळखुळायचं. आत पिशवीचा पापडचुरा झाला होता.

पिशवीपर्यंत पोचायचं तर पेनाची मान, म्हणजे आपण बोटं धरतो तो भाग, नळीतून ओढून काढावी लागते. सगळे जाणकार सांगतात, ‘जोर करू नका.’ हा सल्ला मला नेहमी अशाच ठिकाणी मिळालाय, जिथे जोर केल्याशिवाय काही होत नाही.

पहिले दोन दिवस नुसत्या हातांनी. मग पकड यावी म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा. “पंक्चर कशाचं आहे?” दुकानदाराने विचारलं. “पेनाचं” म्हटल्यावर त्याने पैसे घेतले नाहीत. चौथ्या दिवशी मी सांडशी उचलली.

“अहो, ती दुधाची आहे!”

शेजारचे काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी पेन उजेडात धरलं आणि म्हणाले, “गंजलंय. रॉकेल सोडा आत.”

“काका, पेन आहे हो हे.”

“मग थोडंसं सोडा.”

सातव्या दिवशी मी ते गरम पाण्यात बुडवलं, आणि ही चूक कबूल करायलाच हवी. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. जुन्या एबोनाइटला गरम पाणी लागलं की त्याचा काळा रंग उतरतो. पेन बाहेर आलं ते मुरलेल्या लोणच्याच्या रंगाचं. शिवाय गंधकाचा वास घरभर. श्रावणी सोमवार होता. आई देवघरातून थेट स्वयंपाकघरात आली आणि विचारलं, “अंडी कोणी उकडली?”

शेवटी बायकोचा हेअर ड्रायर. फुंकायचं, डुलवायचं, थांबायचं, पुन्हा फुंकायचं. अकराव्या रात्री ‘कर्र’ असा आवाज झाला आणि मान अर्धा मिलिमीटर पुढे सरकली. मी श्वास रोखून ओढत राहिलो. सुटली! वर्तमानपत्रावर पिशवीचे काळे तुकडे पडले. नळी उलटी करून ठोकली, तशी पाठोपाठ पोलादी पट्टी आली, गव्हावर तांबेरा पडावा तशी. जुन्या निळ्या-काळ्या शाईत लोह असायचं आणि आम्लही. पिशवी फुटल्यावर तिने पट्टीला पोटभर खाल्लं होतं.

पण मान अडवली होती ती गंजाने नव्हे. मानेभोवती लालभडक कडं होतं. लाख! तीसुद्धा पेनवाले वापरतात ती पातळ, मधाच्या रंगाची नव्हे. सरकारी पाकिटांवर ठोकायची ती. आजोबा वाईच्या मामलेदार कचेरीत कारकून होते.

आईला दाखवलं. “तरीच!” ती म्हणाली. “मामंजींच्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशाला निळा डाग असायचा. मग एका वर्षी एकदम बंद झाला. आम्हाला वाटलं, साबण बदलला म्हणून.”

म्हणजे अकरा दिवस मी गंजाशी नाही, आजोबांच्या दुरुस्तीशी झगडत होतो. आणि ती दुरुस्ती सरकारी खर्चाने झाली होती.

मी १६ नंबरची पिशवी मागवली. हा नंबर इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात, म्हणजे ही बरोबर पाव इंच. पट्टी नवी घातली. पिशवी मानेला पातळ लाखेने चिकटवली, वर शंखजिऱ्याची पूड चोळली. मान मात्र नळीत नुसती दाबून बसवली, कारण पुढच्या माणसाला उघडता आली पाहिजे, असं जाणकार म्हणतात.

परवा पेन खिशाला लावून लग्नाला गेलो. पंगतीत बसेपर्यंत सदऱ्यावर रुपयाएवढा निळा डाग उमटला होता.

बायको बराच वेळ डागाकडे बघत होती. मग म्हणाली, “ती लाल लाख अजून कुठे मिळते का बघा.”