दाखला काढून प्रश्न सुटत नाही

वर्गातल्या मुलाची चिठ्ठी सापडली म्हणून नववीतल्या आपल्या मुलीचा शाळेतून दाखला काढून तिला मामाकडे ठेवलं, असं एका ताईंनी लिहिलंय. आईच्या जिवाची घालमेल समजते. पण दाखला कायम मुलीचाच का निघतो हो? मुलगा दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर बसलेला असतो!

मी खेड्यातल्या हायस्कूलवर शिकवते. जर्नलच्या मागच्या पानावर पेनाने गिरवून गिरवून कागद फाटेपर्यंत लिहिलेली आद्याक्षरं दरवर्षी दिसतात. बहुतेक प्रकरणं सहामाहीपर्यंत आपोआप विझतात. घरच्यांनी मारझोड केली, मोबाईल काढून घेतला, की मात्र पोरं हट्टाला पेटतात आणि पळून जायच्या गोष्टी सुरू होतात. मग घाईघाईने स्थळं बघायची. १८ च्या आत लग्न लावणं गुन्हा आहे, हे तेव्हा कुणाला आठवत नाही.

आणि पोलिसांत जायची धमकी देण्याआधी कायदा माहीत करून घ्या. २०१२ च्या पोक्सोनुसार, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार, १८ वर्षांखालच्या मुलीची संमती धरलीच जात नाही. आधी ही मर्यादा १६ होती. शरीरसंबंधांपर्यंत गेलं असेल तर मुलगी कितीही ‘माझ्या मर्जीने’ म्हणाली तरी गुन्हा नोंदला जातो, मुलगा अल्पवयीन असेल तर बाल न्याय मंडळापुढे उभा राहतो. चिठ्ठ्याचपाट्यांसाठी एवढं रामायण कशाला?

ताई, दिवाळीनंतर तिला परत आणा. दहावीचा पाया नववीतच पक्का होतो.