मामांच्या खोलीतला वास

माझ्या मामांना तोंडाचा कॅन्सर होता. तीस वर्षं खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खाल्ला होता. ऑपरेशन झालं, किरणं झाली आणि एक दिवस डॉक्टर म्हणाले, "आता घरी न्या." नेऊन काय करायचं, ते कोणीच सांगितलं नाही.

नागपूरच्या नंदनवन भागातलं दोन खोल्यांचं घर. गालाची जखम चिघळलेली. कूलर लावला की वास घरभर पसरायचा, म्हणून एप्रिलच्या उन्हातही कूलर बंद. नातेवाईक दारातूनच विचारपूस करून जायचे. मामांना सगळं समजत होतं. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

मग ओळखीतून एक नर्सताई आणि बँकेतून रिटायर झालेले एक काका घरी आले. काका स्वयंसेवक. ताईंनी मामीला जखम धुवायला शिकवलं आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून तिची पूड जखमेवर लावायला सांगितली. अगदी स्वस्त गोळी. काही दिवसांत वास इतका कमी झाला, की शेजारच्या काकू आत येऊन मामांच्या उशाशी बसल्या. ते आठवलं की अजून रडू येतं. ही गोळी आम्हाला आधी का कोणी सांगितली नसेल?

मॉर्फिन सुरू करायचं ठरलं तेव्हा मामी घाबरली. "काहून देता बाप्पा, सवय लागंल ना!" काका शांतपणे म्हणाले, "वहिनी, दुखण्यासाठी डॉक्टरांच्या मापानं देतो आहोत. शौच कडक होते, त्याचं औषध मात्र सोबत चुकवू नका." त्या रात्री मामा सलग झोपले. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे हे औषध परवान्यांच्या जंजाळात अडकलं होतं. 2014 मध्ये दुरुस्ती होऊन नियम सोपे झाले. तरीही कितीतरी घरांत माणसं कण्हत रात्र काढतात, याचा मला राग आहे.

बऱ्या न होणाऱ्या पेशंटचा त्रास कमी करायचं हे काम, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, केरळात 1993 साली कोझिकोडला एका लहान क्लिनिकपासून सुरू झालं. पुढे मलप्पुरममध्ये गल्लीतलेच लोक प्रशिक्षण घेऊन आठवड्याला दोन-दोन तास द्यायला लागले. 2008 मध्ये तिथल्या सरकारनं पॅलिएटिव्ह केअरचं धोरणच आणलं. "तिकडची माणसंच वेगळी" असं कोणी म्हटलं की मला पटत नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, तेव्हा अनोळखी माणसांना जेवण-पाणी द्यायला रस्तोरस्ती उभे राहणारे हात याच नागपूरचे आहेत ना? तेच हात आपल्या वॉर्डातल्या एका खाटेपर्यंत पोचायला हवेत.

आणि दर वेळी ड्रेसिंगच करावं लागतं असं नाही. काका मामांना पेपर वाचून दाखवायचे. तेवढ्या वेळात मामी पलीकडच्या खोलीत झोपायची. दोन महिन्यांत तिला मिळालेली दिवसाची झोप तेवढीच.

नंदनवन, मानेवाडा, मेडिकल चौक या भागात कोणाच्या घरी असा पेशंट असेल तर मला मेसेज करा. रविवारी सकाळी मी मोकळा असतो. मी पेपर वाचत बसेन, तुम्ही झोपून घ्या.