मे महिन्याच्या पानावरचा धबधबा

आमच्याकडच्या एका पतसंस्थेच्या यंदाच्या कॅलेंडरात माझे बारा फोटो छापून आलेत. आईने शेजारीपाजारी प्रती वाटल्या, मामाने फोन करून कौतुक केलं, शाळेतल्या मित्रांनी "पार्टी कधी" विचारलं. सगळं छान. फक्त मे महिन्याचं पान आलं की मला त्या भिंतीकडे बघवत नाही. त्या पानावर आमच्या प्रवरा नदीवरचा रंधा धबधबा आहे. तुडुंब, फेसाळ, आजूबाजूला ओलीगर्द झाडी. खाली लग्नाच्या तिथ्या आणि एकादश्या. फोटो जुलैतला आहे. मे महिन्यात रंध्याच्या त्या कड्यावर बहुतेक दिवस उघडा काळा कातळ असतो.

मी त्यांना बारा महिन्यांचे बारा फोटो दिले होते हो. चैत्राला चैत्रातला, पौषाला पौषातला. तिथले साहेब म्हणाले, "हे जळकं, वाळकं कशाला? कॅलेंडर म्हणजे घरात शुभ काहीतरी हवं. हिरवं द्या." नाव छापून येणार या आनंदात मी सहा फोटो निमूट बदलून दिले. त्यामुळे त्यांना नावं ठेवायचा मला फारसा अधिकार नाही. पण तेव्हापासून डोक्यात जे घोळतंय ते आज लिहून टाकतो. पोस्ट लांबणार आहे.

सह्याद्री हिरवा असतो फार तर चार महिने. मृगाचे एकदोन पाऊस झाले की सुरुवात, दसऱ्याच्या आसपास गवत पिवळं पडायला लागलं की शेवट. उरलेले आठ महिने तो पिवळा, तपकिरी, राखाडी आणि काळा असतो. पण आपले फोटो बघा. आपल्या सह्याद्रीत कायम श्रावणच चालू असतो. आणि त्याखाली हमखास "महाराष्ट्राचं स्वित्झर्लंड". अरे, सहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक बसून झालेला हा दगड. त्याची ओळख दुसऱ्या देशाच्या नावाने कशाला करून द्यायची?

मी संगमनेरचा. प्रवरेच्या काठी वाढलो. आमच्याकडे पावसाळ्यात माणसं तब्येतीच्या आधी "भंडारदरा किती भरलं?" हे विचारतात. १९२६ साली बांधून पूर्ण झालेलं ते धरण, त्यातलं ११ टीएमसी पाणी, आणि त्याच्यावर खाली पोसलेला ऊस. लहानपणी मला वाटायचं नदी धरणातूनच जन्माला येते. ती रतनगडाच्या अंगावरून उतरते हे भूगोलात वाचलं होतं, पण पायाने कळायला पंचविशी उजाडली.

गेली नऊ वर्षं मी रतनवाडीच्या बाजूला एका दगडावर जाऊन बसतो. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. जागा कुठली ते सांगणार नाही. तिथे काही खास नाही, खालून एस्टी जाते एवढीच शोभा. पण तिथून रतनगड दिसतो, त्याच्या शेजारचा खुट्टा नावाचा सुळका दिसतो, खाली धरणाचा फुगवटा आणि मधे भातखाचरं. फ्रेम तीच, लेन्स तीच, ट्रायपॉडचे पाय ठेवायच्या खुणासुद्धा मी खडूने केल्या होत्या (पहिल्याच पावसात गेल्या, शहाणपणा).

एकाच जागी बसलं की पहिली गोष्ट कळते ती सूर्याची. उत्तरायण-दक्षिणायन हे मी पंचांगातले शब्द समजत होतो. त्या दगडावरून बघितलं तर डिसेंबरात सूर्य गडाच्या पार डाव्या अंगाला मावळतो आणि मे अखेरीस पार उजवीकडे. आपल्या अक्षांशावर हा सरकण्याचा पल्ला जवळजवळ ५० अंशांचा आहे. म्हणजे एक ऋतू गडाच्या एका अंगाला उजेड, दुसऱ्या ऋतूत दुसऱ्या अंगाला. हिवाळ्यात ज्या घळी काळ्याकुट्ट दिसतात त्या वैशाखात पोटातपर्यंत उजळलेल्या असतात. पावसाळ्यात एकदाच येऊन गेलेल्याला हा डोंगर कसा कळणार? पावसाळ्यात तर तो निम्मे दिवस दिसतच नाही. माझ्याकडे आषाढातले कितीतरी फोटो नुसते पांढरे आहेत. चार तास छत्री धरून बसायचं, ढग दहा सेकंद बाजूला होतो, तेवढ्यात लेन्सवर थेंब.

आता हिरव्याबद्दलच बोलायचं तर, हिरवा म्हणजे काय एकच रंग आहे? आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, आधीच्या रोपांचा पोपटी, आवणीनंतर चिखलात उभ्या भाताचा फिका, मूळ धरल्यावरचा काळपट, कारवीचा जाडसर, शेवाळाचा जवळजवळ पिवळा. ओल्या पानांवर आभाळाची चमक असते म्हणून लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावतात. तो लावून नीट फिरवला की चमक जाते आणि हे सगळे हिरवे आपापल्या जागी उभे राहतात. त्यापुढे काही करायची गरज नसते. पण आपण नंतर एडिटिंगमध्ये सॅच्युरेशनची, म्हणजे रंग भडक करायची, पट्टी उजवीकडे ढकलतो आणि दहा हिरव्यांचा एकच हिरवा करतो, नव्या प्लास्टिकच्या बादलीसारखा. मीही केलाय. जुने फोटो आता उघडले की डोळे चुरचुरतात.

पावसाळ्याने माझ्याकडून वसुली मात्र केली. तिसऱ्या वर्षी भिजलेली बॅग तशीच कपाटात ठेवली, गणपतीनंतर उघडली तर वाइड लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. दुरुस्तीवाल्याने काच उजेडात धरली आणि नुसतं "च्च" केलं. तेव्हापासून धान्याच्या हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून लेन्स ठेवतो. बायको म्हणते, डाळींपेक्षा जास्त काळजी.

काजव्यांचंही कबूल करून टाकतो. मेच्या शेवटापासून जूनमध्ये पाऊस धरेपर्यंत भंडारदऱ्याच्या बाजूला हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ असल्या झाडांवर काजवे लखलखतात. अख्खं झाड एकदम पेटतं, एकदम विझतं. माझ्या ज्या फोटोला सगळ्यात जास्त वाहवा मिळाली त्यात झाडावर हजारो ठिपके आहेत. तो एक फोटो नाही. प्रत्येकी तीस सेकंदांचे चाळीस फोटो एकावर एक रचलेत. म्हणजे वीस मिनिटांत जितके लुकलुकले ते सगळे एका क्षणी दाखवलेत. तसं झाड मी स्वतःही कधी पाहिलेलं नाही. लोक तो फोटो बघून गाड्या काढतात, तिथे गेल्यावर "एवढेच?" म्हणतात, मोबाईलचा टॉर्च मारतात, हेडलाईट चालू ठेवतात. काजव्याचं चमकणं हे नर-मादीचं बोलणं आहे, त्यात आपला उजेड घुसला की बोलणं तुटतं. त्या गर्दीत माझ्या फोटोचा वाटा किती, हे मोजता येत नाही. म्हणून तो फोटो काढून टाकलाय.

हिवाळ्याचं थोडक्यात सांगतो, कारण हिवाळ्यात फोटो काढायला अक्कल लागत नाही. हवा धुतल्यासारखी, सकाळी फुगवट्यावर वाफ, कापलेल्या भाताची पिवळी खाचरं, कड्यावरून बघावं तर खाली कोकणात ढगांचा समुद्र. कॅमेरा कसाही धरा. फक्त बोटं गारठतात.

खरी परीक्षा होळीनंतर. हवेत धूळ, दूरचं सगळं पुसट, दुपारचा उजेड तर नुसता भाजणारा. मेच्या मध्यावर या भागात सूर्य भरदुपारी नेमका डोक्यावर येतो, आपली सावली आपल्याच पायाखाली. सगळे फोटोवाले या काळात कॅमेरा कपाटात टाकतात. मीही पहिली दोन वर्षं टाकला. तिसऱ्या वर्षी हट्टाने गेलो आणि दिसलं की रंग तर आत्ता सुरू झालेत. पांगाऱ्याला पान नाही, पण लाल फुलं. कुसुंबाची नवी पालवी अशी तांबडी की लांबून झाड पेटलंय वाटावं. देवळाजवळच्या राईत अंजनीच्या काळपट फांद्यांना चिकटून निळीजांभळी फुलं. आणि गवत गेल्यामुळे डोंगराची हाडं दिसतात. एकेक थर मोजून घ्यावा. श्रावणात हे सगळं शालीखाली झाकलेलं असतं.

याच काळात एकदा माझी चांगलीच जिरली. एप्रिल होता, संध्याकाळ, उजेड नुकता मऊ झालेला, आणि खालच्या खाचरातून धुराचा लोट निघून थेट खुट्ट्यासमोर उभा राहिला. मी चिडून खाली गेलो. आदल्याच महिन्यात पलीकडची अख्खी धार वणव्यात काळी झालेली बघितली होती, त्यामुळे डोकं आधीच गरम. खाचरात एक म्हातारबाबा काठीने पालापाचोळा सारखा करत उभे. "बाबा, डोंगर पेटला म्हणजे?" मी आवाज चढवून विचारलं.

ते हसले. "डोंगर कोण पेटवतंय दादा? ह्यो राब हाये."

मग अर्धा तास त्यांनी मला शिकवलं. भाताचं रोप टाकायच्या जागेवर फांद्या, पाला, शेण, माती थराथराने पसरून भाजतात. तणाचं बी मरतं, राख मिसळते, रोप जोमाने येतं. रोप चांगलं तर आवणी चांगली. मी जुलैत ज्या पोपटी चौकोनावर जीव ओवाळतो, तो चौकोन ते या धुरातून तयार करत होते. माझ्या फ्रेममधली ती बोडकी, खांबासारखी सादडाची झाडंही त्याच राबासाठी खोडलेली. मी वर्षानुवर्षं ती कडेने कापत आलो होतो. निसर्गचित्रात माणूस नको, वीजेची तार नको, पत्र्याचं घर नको, धूर नको. एवढं सगळं कापल्यावर उरतं ते चित्र कुणाचं असतं, कोण जाणे.

नदीचंही तेच. चैत्र-वैशाखात प्रवरेला पाणी असतं की नाही, हे आभाळाकडे बघून सांगता येत नाही. धरणातून आवर्तन सुटलं तर नदी वाहते, बंद झालं की डबकी उरतात. एका मे महिन्यात मी रंध्याखाली वाहत्या पाण्याचा सुरेख फोटो काढला, "वैशाखातली शीतलता" असं काहीतरी लिहून टाकलाही. ते आमच्याच खालच्या उसाला चाललेलं पाणी होतं. संगमनेरच्या पोराला हे कळायला नको?

त्याच दिवशी वरच्या एका वाडीवर पाणी मागायला थांबलो होतो. रिकामी बाटली घेऊन विहिरीपाशी गेलो तर तळाशी हातभर गढूळ पाणी. एक बाई आत उतरून वाटीने कळशी भरत होती, वर चारपाच जणी हंडे लावून बसलेल्या. आजूबाजूच्या डोंगरांवर वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सगळा खाली वाहून जातो, कातळ काही धरून ठेवत नाही. आणि समोर, डोळ्यांना दिसेल इतक्या अंतरावर, धरणाचं उरलेलं पाणी उन्हात चमकत होतं.

माझ्या गळ्यात कॅमेरा. उचलावा की नाही कळेना. एक आजी माझी चुळबुळ बघत होती. म्हणाली, "आमचा नगं काढू. हिरीचा काढ. तिचा कुणी काढत न्हाई."

मी विहिरीचा काढला. वरून, सरळ खाली. कातळाचं वर्तुळ, मधे बशीएवढं आभाळ. त्यांनी मला त्या पाण्यातली अर्धी बाटली गाळून दिली. ती मी का घेतली, हे मला आजतागायत समजलेलं नाही.

गेल्या दिवाळीत राबवाल्या बाबांकडे बारा महिन्यांचे बारा प्रिंट घेऊन गेलो. म्हटलं, आवडेल तो ठेवा. मनात होतं की भाद्रपदातला उचलतील. सोनकीच्या फुलांनी पिवळी झालेली डोंगरधार, वर ढग, मलाही तोच आवडतो. बाबांनी सगळे घोंगडीवर पत्त्यांसारखे मांडले, नातवाला हाक मारली, आणि बरोबर एप्रिलचा उचलला. धुराचा. जो मी चिडून का होईना पण काढला होता.

"ह्यात आमचं वावर नीट दिसतंय. बाकीच्यात नुसता चारा वाढलाय."

तो त्यांनी दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याला लावलाय. शेजारी त्याच पतसंस्थेचं मागच्या वर्षीचं कॅलेंडर होतं, कुणाच्या तरी हिरव्यागार डोंगराचं, आणि त्याच्या चौकोनांत पेनाने दुधाचे हिशोब.

सोबत बाराही फोटो देतोय, क्रमाने, पट्ट्या न ढकलता. मार्च-एप्रिल-मेवर जरा थांबा. पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरसाठी साहेबांचा परवा फोन आला होता. मेच्या पानासाठी विहिरीचा पाठवलाय. मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा दिसतायत, उत्तर अजून नाही.