आकाशातलं ख्रिसमस ट्री: दीर्घिका नाही, हिरवं नाही, सरळ उभंही नाही

‘नासाला दूरच्या आकाशगंगेत हिरवंगार ख्रिसमस ट्री सापडलं, त्यावरचे दिवेसुद्धा लुकलुकतात!’ या मजकुरासोबत फिरणारी चित्रफीत खरी आहे. नासाच्या ‘चंद्रा’ या अवकाशातल्या क्ष-किरण वेधशाळेच्या चमूने ती डिसेंबर 2023 मध्ये प्रसिद्ध केली. घोळ आहे तो मजकुरात.

‘दूरच्या आकाशगंगेत’: मराठीत आकाशगंगा आपलीच, बाकीच्या दीर्घिका. चित्रातला एनजीसी 2264 हा तारकागुच्छ आपल्याच आकाशगंगेत, शृंगाश्व तारकासमूहात, सुमारे 2500 प्रकाशवर्षांवर आहे. शेजारची देवयानी दीर्घिका याच्या हजारपट दूर.

‘सापडलं’: खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी 1784 मध्येच त्याची नोंद केली होती.

‘हिरवंगार’: हा रंग चित्र जुळवताना दिलेला. इथला हायड्रोजन मुख्यतः 656 नॅनोमीटरला, म्हणजे लाल रंगात चमकतो. शिवाय उत्तर दिशा वर ठेवण्याचा संकेत सोडून चित्र जवळपास 160 अंश फिरवलं आहे, तेव्हा कुठे झाड उभं दिसतं.

‘दिवे लुकलुकतात’: अर्धसत्य. हे तारे जेमतेम 10 ते 50 लाख वर्षांचे. त्यांचं तेज खरोखर कमीजास्त होतं: चुंबकीय उद्रेक, पृष्ठभागावरचे उष्ण आणि काळे डाग, भोवतालच्या तबकडीतून कोसळणारा वायू. पण प्रत्येक ताऱ्याची चाल वेगळी. चित्रफितीतली एका तालातली उघडझाप कृत्रिम आहे, आणि हे ‘चंद्रा’ वेधशाळेच्या चमूने तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं. ती ओळ पुढे पाठवताना गळली, दुसरं काय!

खरोखर दूरचं ‘ख्रिसमस ट्री’ वेगळंच: एमएसीएस जे0416 हा 430 कोटी प्रकाशवर्षांवरचा दीर्घिकांचा समूह. हबल आणि वेब या अवकाश दुर्बिणींच्या संयुक्त चित्रामुळे नोव्हेंबर 2023 मध्ये त्याला हे टोपणनाव मिळालं. वेबच्या वेधांत तेज बदलणाऱ्या 14 गोष्टी तिथे आढळल्या. त्यातल्या 12 गुरुत्वीय भिंगामुळे, म्हणजे वाटेतल्या समूहाच्या गुरुत्वाने मागचा प्रकाश वाकून एकवटल्यामुळे, काही काळ उजळलेले तारे असावेत. फिरणाऱ्या मजकुरात बहुधा या दोन झाडांची गल्लत झाली आहे.

सणाचा मुहूर्त मात्र बरोबर. एनजीसी 2264 वर्षअखेरीस मध्यरात्री आकाशात सर्वांत उंच असतो. मिथुनेच्या पायाशी असलेल्या झाय ताऱ्याच्या दक्षिणेला सुमारे 3 अंशांवर दुर्बीण लावा. उत्तर गोलार्धातून झाडाचा शेंडा खाली दिसतो. न्यूटनी परावर्तक, म्हणजे आरशाची दुर्बीण, प्रतिमा उलटी करतो, म्हणून त्यात ते सरळ दिसेल. भिंगाच्या दुर्बिणीला काटकोनी आरसा लावला असेल तर झाड उलटंच राहील, शिवाय डावं-उजवंही बदलेल. हिरवा रंग कशातच दिसणार नाही.